टी४८ प्रोग्रामर: जुन्या ईसीयूच्या टेबलावर किती उपयोगाचा?

एक्सजीईसीयूच्या टी४८ या प्रोग्रामरची (चिपमधला मजकूर वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या यंत्राची) जाहिरात तीस हजारांहून जास्त चिपांची यादी नाचवते. जुन्या गाड्यांचे ईसीयू (इंजिन चालवणारे इलेक्ट्रॉनिक डबे) उघडणाऱ्याला त्यातल्या दहा-पंधराच लागतात: २७सी२५६, २७सी५१२, २७सी०१०, २९एफ४००, २९एफ८००, ९३सी४६-५६-६६, २४सी०२-०४ आणि ९५०४० ते ९५१६०. तेव्हा इथे तपासलंय ते एवढंच, की या मोजक्या चिपांवर हे यंत्र कसं वागतं आणि गोव्यासारख्या दमट जागी ते घेण्यात अर्थ आहे का.

आधी एक वेगळीच गोष्ट. मडगाव-म्हापशाच्या गॅरेजात ‘ईसीयू गेला, पात्रांव’ म्हणून बाजूला काढलेला प्रत्येक डबा प्रोग्रामरचं गिऱ्हाईक नसतो. खाऱ्या हवेत कनेक्टरच्या पिनांवर हिरवा कळंक चढतो, काचेच्या रबरातून झिरपलेलं पावसाचं पाणी वायरिंगवरून डब्यापर्यंत येतं, बॉडीच्या अर्थिंगच्या बोल्टखाली गंज बसतो. म्हणून झाकण उघडण्याआधी ईसीयूची ग्राउंड पिन आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामध्ये मल्टिमीटर लावून सेल्फ मारावा. ०.१ व्होल्टहून बरंच जास्त दिसलं तर दोष वायरिंगचा. डबा उघडल्यावर रेग्युलेटरपाशी ५ व्होल्ट मोजावेत, ४.९ ते ५.१ च्या बाहेर असतील तर चिपकडे जायचंच नाही. हे न करता थेट चिप उपटणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

नव्वदच्या दशकातल्या जपानी ईसीयूंत इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर फुटून आतला द्रव बोर्डावर सांडणं नेहमीचं आहे. तो द्रव तांब्याचे ट्रॅक खातो आणि मासळीसारखा वास सोडतो. गोव्यात हा वास कुणाला शिकवावा लागत नाही; फक्त तो बाजारातून येतोय की डब्यातून, एवढं पाहायचं. जुना कंडेन्सर काढायचा, खालची जागा आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि ब्रशने घासायची, खाल्लेला ट्रॅक बारीक तारेने जोडायचा आणि त्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा १०५ अंशांचा नवा बसवायचा. साफ न करता नवा ठोकला तर उरलेला द्रव ट्रॅक खात राहतो आणि काही महिन्यांत डबा परत टेबलावर.

एवढं करूनही इंजिन उठत नसेल तेव्हा टी४८ बाहेर काढावा.

यंत्र छोटं आहे. वर खटका ओढून बंद होणारं ४० पायांचं सॉकेट, मागे यूएसबी, विजेचा वेगळा अडॅप्टर नको. याच कंपनीच्या आधीच्या टीएल८६६ च्या दुसऱ्या पिढीचा प्रोग्रामिंग व्होल्टेज (चिप लिहिताना द्यायचा) १८ पर्यंतच जायचा. टी४८ २५ पर्यंत जातो. त्यामुळे २५ व्होल्ट मागणारी २७१६ किंवा २१ मागणारी २७३२ए सुद्धा लिहिता येते. आपल्याकडच्या गाड्यांत त्या जवळजवळ भेटतच नाहीत, तेव्हा फक्त या कारणासाठी जुना टीएल८६६ टाकून टी४८ घ्यायची गरज नाही. २७सी२५६ ला साधारण १२.७५ व्होल्ट लागतात, ते दोघेही देतात.

खिडकीवाली ईप्रॉम (काचेच्या खिडकीतून यूव्ही प्रकाशाने पुसली जाणारी चिप) वाचताना पहिली चूक यंत्राची नसते, हाताची असते: खिडकीवरचं स्टिकर काढून चिप उन्हात ठेवणं. डेटाशीटच सांगतं की थेट उन्हात साधारण आठवड्याभरात आणि ट्यूबलाइटखाली अंदाजे तीन वर्षांत चिप पुसली जाऊ शकते. खिडकी काळ्या टेपने झाकावी. पाय काळे पडले असतील तर ग्लासफायबर पेनने हलकेच घासावेत. टी४८मध्ये पिन तपासण्याची सोय आहे, ती कुठला पाय सॉकेटला टेकत नाही ते सांगते. ही सोय खरंच कामाची. जुन्या प्रोग्रामरवर असला पाय कळायचा तो चुकीची फाइल हाती आल्यावर.

दुसरी गोष्ट यंत्राच्या डीफॉल्ट सेटिंगची. वाचण्याआधी ते चिपची ओळख तपासतं, आणि ईप्रॉमची ओळख वाचायची म्हणजे ए९ या पत्त्याच्या पायावर सुमारे १२ व्होल्ट देणं. खरी २७सी असेल तर काही बिघडत नाही. पण ईसीयूत कंपनीचा नंबर छापलेली मास्क रॉम (कारखान्यातच कायमचा मजकूर भरलेली चिप) असली तर तिच्या त्या पायाला ५ च्या वर सोसत नाही. चिपवरचा नंबर ओळखीचा नसेल तर ओळख तपासणीची खूण काढूनच वाचावं.

एकदा वाचून भागत नाही. तीनदा वाचायचं, तिन्ही फाइली ताडून पाहायच्या. त्याहून उपयोगाची तपासणी म्हणजे एकदा ४.५ आणि एकदा ५.५ व्होल्टवर वाचणं. ईप्रॉममध्ये लिहिलेला बिट म्हणजे ०, पुसलेला म्हणजे १. वर्षानुवर्षांत साठलेला भार गळतो आणि ० हळूहळू १ कडे सरकतो. हे आधी जास्त व्होल्टवर उघडं पडतं. दोन वाचनांत एखादा बाइट वेगळा आला, तर ४.५ वरचं मूल्य मूळ असण्याची शक्यता जास्त. गाडी तापल्यावरच बंद पडते आणि थंड झाली की मुकाट्याने चालू होते, अशा तक्रारीत ही चाचणी करून पाहावीच.

फाइल खरी आहे का हे डोळ्यांनीही कळतं. बीएमडब्ल्यू ई३६ सारख्या गाड्यांतल्या बॉशच्या जुन्या मोट्रोनिक डब्यांत ८०५१ घराण्याचा प्रोसेसर असतो, त्यामुळे फाइलचा पहिला बाइट बहुतेक ०२ असतो, म्हणजे ‘अमुक पत्त्यावर उडी मार’. डेल्कोसारख्या ६८एचसी११ जातीचा प्रोसेसर असलेल्या डब्यात उलटं: सुरुवात कुठून करायची तो पत्ता फाइलच्या शेवटच्या दोन बाइटांत. ३२ केबीची फाइल ८००० हेक्स (सोळाच्या पायाने मोजलेल्या) पत्त्यापासून बसत असेल तर तिथला आकडा ८००० हून मोठाच हवा. हे जुळत नसेल तर वाचन तरी चुकलंय किंवा बोर्डावर पत्त्याच्या तारा मुद्दाम उलटसुलट केल्यात. काही कंपन्यांनी ते केलं आहे.

नकाशा, म्हणजे इंजिनाला कधी किती द्यायचं ते सांगणारा आकड्यांचा तक्ता, शोधणं त्याच्या पुढचं. १६ बाय १६ चा इंधनाचा तक्ता म्हणजे सलग २५६ बाइट, शेजारी आरपीएम आणि लोडचे १६-१६ आकडे. ट्यूनरप्रो या सॉफ्टवेअरात फाइल आलेखासारखी पाहिली की तो टेकडीसारखा उठून दिसतो. ८ बिटांच्या मोट्रोनिकांत आरपीएमचा एक आकडा पुष्कळदा ४० आरपीएमचा असतो, म्हणून आरपीएमच्या मर्यादेच्या जागी १६२ दिसलं तर ते ६४८०. एक बाइट बदलला तरी बेरजेची तपासणी बिघडते आणि काही डबे लगेच चेक इंजिनचा दिवा लावतात. दुरुस्तीत मूळ फाइलला हात न लावणंच बरं. प्रोसेसरचा कोड उलगडायला घिड्रा फुकट मिळतं आणि ८०५१ त्याला येतं.

लिहिण्याच्या बाबतीत टी४८ बिनतक्रार. घोळ होतो तो चिप बदलताना. २७सी२५६ नवी मिळेनाशी झाल्यावर लोक तिच्या जागी २७सी५१२ बसवतात. २५६ चा पहिला पाय व्हीपीपी (प्रोग्रामिंग व्होल्टेजचा), आणि बोर्डावर तो ५ व्होल्टला जोडलेला. ५१२ चा तोच पाय म्हणजे ए१५, पत्त्याचा सगळ्यात वरचा बिट. म्हणजे ५१२ बसवल्यावर ईसीयू फक्त वरचा अर्धा भाग वाचतो. ३२ केबीची फाइल ८००० हेक्सपासून लिहावी, किंवा सरळ दोनदा भरावी. हे न करता ‘नवीन चिप खराब निघाली’ म्हणत लोक तिसरी चिप मागवतात.

खिडकीवाली चिप पुन्हा वापरायची तर यूव्ही इरेजर हवा, २५३.७ नॅनोमीटरचा, पंधरा-वीस मिनिटं. त्यापेक्षा विनबाँडची डब्ल्यू२७सी५१२ सोपी. ती विजेनेच पुसली जाते आणि टी४८ ते काम काही क्षणांत करतो. मात्र बाजारात जुन्या काढलेल्या चिपा घासून, वर नवीन छपाई करून विकतात. टी४८ने ओळख वाचली आणि डीए ०८ आलं तर आतलं तरी विनबाँडचं. मग पुसून रिकामी आहे का पाहावं, लिहून पडताळावं, आणि एक दिवस ठेवून पुन्हा पडताळावं.

आठ पायांच्या छोट्या ईईप्रॉममध्ये (विजेने पुसता-लिहिता येणाऱ्या चिपांत) टी४८चं खरं वजन आणि खरा कमकुवतपणा दोन्ही दिसतात. इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) कोड पुष्कळदा इथेच असतो, म्हणून डब्याची अदलाबदल केली की गाडी चालू होत नाही आणि जुन्या चिपमधला मजकूर नव्या चिपमध्ये न्यावा लागतो. (असं काम हाती घेताना गाडीची आरसी आणि मालकाचं ओळखपत्र पाहणं टाळू नये.) ९३सी४६ म्हणजे फक्त १२८ बाइट. तिचा सहावा पाय ५ व्होल्टला असेल तर ती १६ बिटांत बोलते, ग्राउंडला असेल तर ८ मध्ये. सॉफ्टवेअरात चुकीचं निवडलं तर १-२-३-४ ऐवजी २-१-४-३ अशी बाइटांची अदलाबदल झालेली किंवा अर्धीच फाइल मिळते. मूळ चिप त्याच रीतीने वाचून त्याच रीतीने लिहिली तर निभतं. इंटरनेटवरून आणलेली फाइल दुसऱ्या प्रोग्रामरची असेल तर निभत नाही.

शिवाय ९३सी४६ च्या काही प्रकारांत पाय फिरवलेले असतात: ५ व्होल्ट आठव्याऐवजी दुसऱ्या पायावर, ग्राउंड पाचव्याऐवजी सातव्यावर. क्लिप लावण्याआधी मल्टिमीटरने ग्राउंड शोधावा. एक मिनिटाचं काम.

आता क्लिप. चिप बोर्डावर ठेवूनच चिमट्याने वाचता येते, असं विक्रेते सांगतात. अर्धसत्य आहे. क्लिपमधून जाणारे ५ व्होल्ट फक्त चिपला नाही, अख्ख्या बोर्डाला मिळतात. कंडेन्सर भरतात, प्रोसेसर जागा होतो आणि तोही त्याच तारांवर बोलू लागतो. मग टी४८ ‘ओव्हरकरंट’ म्हणून थांबतो, किंवा दर वेळी वेगळी फाइल देतो. दुसरं वाईट, कारण पहिल्यात निदान कळतं तरी. प्रोसेसरची रीसेटची पिन ग्राउंडला धरून ठेवता आली तर वाचन बहुधा स्थिर होतं. नाहीतर चिपचा व्हीसीसी (वीज घेणारा) पाय गरम करून बारीक सुईने उचलावा. सगळ्यात बिनघोर म्हणजे ३५० अंशांच्या हॉट एअरने चिप काढणं. त्याआधी पायांवरचा लॅकर आयपीएने मऊ करून काढायचा. सिलिकॉनचा थर असेल तर लाकडी काडीने खरवडायचा. लॅकर राहिला तर क्लिप टेकल्यासारखी दिसते, टेकलेली नसते. नवी ९५१६० घेताना एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्सच्या नंबरातला तापमानाचा आकडा पाहावा: ६ म्हणजे ८५ अंशांपर्यंत, ३ म्हणजे १२५ पर्यंत. इंजिनपाशी बसणाऱ्या डब्यात ३ च हवा.

काही शेकड्यांत मिळणारा काळा सीएच३४१ए प्रोग्रामर आणि काही हजारांचा टी४८ यांची तुलना सतत होते. २४ आणि ९५ मालिकांना सीएच३४१ए पुरतो. पण समांतर ईप्रॉम त्याला येत नाहीत, आणि त्या काळ्या बोर्डाचा ३.३ व्होल्टचा दावा फक्त व्हीसीसीपुरता खरा. डेटाच्या तारा ५ व्होल्टवरच राहतात. ईसीयूतल्या ५ व्होल्टच्या ईईप्रॉमला चालतं, ३.३ च्या फ्लॅशला ते बरं नाही.

टी४८चं सॉफ्टवेअर विंडोजचं आहे. चालतं, पण खिडक्या गिचमिड आणि भाषांतर ओबडधोबड. लिनक्सवाल्यांना मिनीप्रो हे सॉफ्टवेअर आहे. एक खोड लक्षात ठेवावी: चिप बदलली तरी आधीच्या चिपचा मजकूर बफरमध्ये राहू शकतो. वाचून झाल्या झाल्या फाइल साठवावी, नावात गाडी, डब्यावरचा नंबर, चिप आणि तारीख घालावी.

मर्यादा स्पष्ट आहेत. प्रोग्राम प्रोसेसरच्याच पोटात असेल, बीडीएम किंवा बूट मोडनेच (प्रोसेसरशी थेट बोलूनच) वाचता येत असेल, तर टी४८ तिथे निरुपयोगी. २००५ नंतरच्या पुष्कळ डब्यांची तीच गत. अलीकडच्या स्विफ्ट-आय१० वर काम करणाऱ्याने याच्यावर पैसे घालू नयेत. पण २००५ च्या आधीच्या, रॉम वेगळी बसवलेल्या पेट्रोल गाड्या ज्याच्याकडे येतात त्याला हा हवाच.

गोव्यात हे हातात घेऊन पाहायला दुकान मिळणं कठीण. लोक ऑनलाइन नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवतात. नुसतं यंत्र मागवू नये. सोबत चिपांच्या आकारांप्रमाणे अडॅप्टर घ्यावेत: आठ पायांच्या एसओपी८ चा झाकणवाला (१५० आणि २०८ मिल दोन्ही रुंदींचा), पीएलसीसी३२ चा आणि २९एफ४००-८०० साठी पीएसओपी४४ चा. पाकिटात मिळणारी स्वस्त क्लिप पाच-दहा वेळा लावली की तिचे दात वाकतात, ती वेगळी आणि चांगली घ्यावी. बोर्डात परत बसवायला गोल, कातलेल्या पिनांचं २८ पायांचं सॉकेट. पत्र्याच्या पात्यांचं सॉकेट खडबडीत रस्त्यावर हलतं आणि खाऱ्या हवेत काळं पडतं. पावसाळ्यात यंत्र सिलिका जेलच्या पुडीसकट बंद डब्यात ठेवावं, नाहीतर जूनमध्ये गुळगुळीत चालणाऱ्या सॉकेटचा खटका चवथीपर्यंत अडकायला लागतो.