मराठवाड्यात बेसाल्टखाली बघायचंय: सिस्मिक की एमटी?

किल्लारीच्या खोल बोअरमध्ये बेसाल्ट 338 मीटरवर संपला. खाली थोडा गाळ, मग जुना नाईस (स्फटिकी पायाखडक). इतरत्र बोअर न मारता हा तळ शोधायचा, तर दोन मार्ग आहेत.

सिस्मिकमध्ये, म्हणजे स्फोटाने जमिनीत लहरी सोडून त्या कधी परततात ते मोजण्यात, थरांच्या सीमा ठळक दिसतात, पण इथे भरीव आणि जाळीदार बेसाल्टचे थर आलटून-पालटून येतात नि लहर त्यांच्यातच विखुरते. शिवाय खालच्या गाळात लहरींचा वेग बेसाल्टपेक्षा कमी, त्यामुळे रिफ्रॅक्शनमध्ये (थरांत वाकून परतलेल्या लहरी मोजताना) तो थर लपतो आणि तळ आहे त्यापेक्षा खोल निघतो. शॉटहोल (स्फोटकांसाठीची भोकं), स्फोटकांचे परवाने, उभ्या पिकाची भरपाई हा खर्च वेगळाच.

मॅग्नेटोटेल्युरिक, म्हणजे एमटी, नैसर्गिक विद्युत नि चुंबकीय क्षेत्रं मोजून खालचे खडक किती वीजवाहक आहेत ते सांगते; तिला बेसाल्ट फारसा आड येत नाही. पाच इलेक्ट्रोड, तीन चुंबकीय कॉइल आणि रात्रभर नोंद. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून खड्ड्यात बेंटोनाइट माती नि मिठाच्या पाण्याचा चिखल भरून इलेक्ट्रोड बसवायचा. कॉइल पुरून लेव्हल लावायची. वाऱ्याने वायर हलली तरी डेटा बिघडतो. खरा शत्रू 50 हर्ट्झची लाईन आणि शेतपंप. शेतीची थ्री-फेज रात्री असेल तर वेळापत्रक आधी विचारा (भारनियमन इथे तरी कामी येतं!) आणि इथला गोंगाट वेगळा काढायला दूरवर दुसरं, रिमोट रेफरन्स स्टेशन ठेवा.

मात्र एमटीत खारं पाणी आणि ग्राफाइट सारखेच सुवाहक दिसतात, थराची नेमकी जाडीही कळत नाही. आमचा कौल: आधी एमटी, मग सुवाहक पट्टा दिसेल (म्हणजे खाली गाळ असू शकेल) तिथेच सिस्मिक.