चोरलच्या घाटातील शेतघराची वीज : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

इंदूरहून खंडव्याच्या रस्त्याला लागले की सिमरोल मागे पडल्यावर घाट सुरू होतो. त्या घाटात, मुख्य रस्त्यापासून पावणेदोन किलोमीटर आत, वडिलांनी घेतलेला जमिनीचा एक तुकडा असून त्यावर दोन खोल्या, एक पडवी आणि एक विहीर एवढाच आमचा संसार आहे. आम्ही राहतो इंदूरला, राजेंद्रनगरात. शेतघरी महिन्यातून दोन-तीन वेळा मुक्काम होतो आणि एरवी तेथे राखणदाराचे कुटुंब असते. डिसेंबर २०२४ मध्ये तेथे विजेची सोय केली, तिला आता चौदा महिने झाले. या काळात जे नीट चालले, जे चुकले आणि ज्यावर पैसे वाया गेले, ते सर्व येथे लिहीत आहे.

पहिला विचार अर्थातच खांबावरून वीज घेण्याचा होता. परंतु सर्वांत जवळची वाहिनी रस्त्याच्या कडेला, म्हणजे तेवढ्याच अंतरावर, असल्यामुळे खांब, तारा आणि ट्रान्सफॉर्मर यांचा खर्च आम्हालाच करावा लागणार होता आणि तो काही लाखांत जात होता. शिवाय ती वाहिनी शेतीच्या फीडरची, म्हणजे दिवसाला दहा तासांची. घरात इन्व्हर्टर आणि बॅटरी ठेवावीच लागली असती. बॅटरी ठेवायचीच असेल तर खांब कशाला, असा सरळ हिशोब होता.

आमचे दादा पुण्याला असतात. पवनचक्कीची कल्पना त्यांची. देवासजवळच्या टेकड्यांवर चक्क्या फिरताना त्यांनी पाहिल्या होत्या आणि पावसाळ्यात ऊन नसते तेव्हाच वारा असतो, हा त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. पण त्या चक्क्या उघड्या माथ्यावर, उंच मनोऱ्यांवर आहेत आणि आमचे घर सागवानाच्या झाडीत, उतारावर. वाऱ्यापासून मिळणारी शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा झाला की शक्ती एक-अष्टमांश उरते. बांबूला कापडाची पट्टी बांधून आम्ही जून महिनाभर पाहिले, तर ती बहुतेक वेळ लोंबत होती आणि जेव्हा उडत होती तेव्हा दिशा सारखी बदलत होती. दादांनी ते मान्य केले. ओढ्यावर लहान जलचक्र बसवण्याचा मोह मात्र मला जास्त काळ होता, कारण सेकंदाला पाच लिटर पाणी दहा मीटर खाली आणले तरी निम्म्या कार्यक्षमतेने सुमारे अडीचशे वॉट अखंड मिळतात. परंतु ओढा जुलैच्या मध्यापासून दिवाळीपर्यंतच वाहतो आणि ऑगस्टमधला एखादा लोंढा बसवलेले सर्व काही घेऊन जाईल, हे राखणदाराने सांगितल्यावर तो नाद सोडला. गोबरगॅससाठी गुरे हवीत, ती नाहीत.

पेट्रोलचा दोन केव्हीएचा जनरेटर घरी होताच. तो अर्ध्या भारावर एका लिटरमध्ये सव्वा-दीड युनिट देतो आणि इंदुरात पेट्रोल तेव्हा १०६ रुपयांच्या वर होते. म्हणजे युनिट सत्तर-ऐंशी रुपयांना पडले. आवाजाविषयी बोलायलाच नको. त्यामुळे मुख्य साधन सौर आणि अडीअडचणीला जनरेटर, असे ठरले. घरावरील सौर पॅनेलसाठी पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपयांचे अनुदान मिळते, पण ते वीज वाहिनीला जोडलेल्या यंत्रणेसाठी आहे. आमच्यासारख्या सुट्या यंत्रणेला त्याचा उपयोग नाही, हे आधीच समजून घेतलेले बरे.

सुरुवातीला ५४० वॉटची दोन पॅनेल, साठ अँपिअरचा एमपीपीटी चार्ज कंट्रोलर (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून ती बॅटरीत भरणारे यंत्र), तीन केव्हीएचा चोवीस व्होल्टचा इन्व्हर्टर आणि दीडशे अँपिअर-तासाच्या दोन ट्यूब्युलर, म्हणजे शिसे-आम्लाच्या, बॅटऱ्या असा संच घेतला. कंट्रोलर एमपीपीटीच घ्यावा, याबद्दल आता माझ्या मनात शंका नाही. या आकाराचे पॅनेल साधारण ४१ व्होल्टवर काम करते; स्वस्तातला पीडब्ल्यूएम कंट्रोलर ते ओढून बॅटरीच्या २६-२७ व्होल्टवर आणतो आणि वरची एक तृतीयांश वीज पाण्यात जाते. दोन पॅनेल एकामागे एक जोडल्यामुळे ८२ व्होल्ट मिळतात, प्रवाह १३ अँपिअरच राहतो आणि स्टँड घरापासून पंचवीस मीटर दूर असूनही सहा चौरस मिलिमीटरच्या तारेत घट तीन टक्क्यांच्या आत राहते. स्टँड दूर का, तर घराच्या आग्नेयेला मोठा सागवान आहे. डिसेंबरात सूर्य दुपारीही जेमतेम ४४ अंश वर येतो, तेव्हा पहिल्या जागेवर साडेदहापर्यंत त्याची सावली पडत होती, आणि पॅनेलच्या कोपऱ्यावर पडलेली सावली कोपऱ्यापुरती न राहता एक तृतीयांश पॅनेल बंद पाडते. झाड तोडायचे नव्हते, म्हणून स्टँडच हलवला.

ट्यूब्युलर बॅटऱ्यांनी चार महिने काढले. प्रत्येकी साठ किलोच्या आसपास वजन, ते शेवटच्या पायवाटेवरून वाहून नेणे, चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो म्हणून हवेशीर जागा करणे, हे सर्व केले. परंतु शिसे-आम्लाच्या बॅटरीला शेवटचे वीस टक्के भरण्यासाठी कित्येक तास संथ चार्जिंग लागते आणि हिवाळ्यातल्या आखूड दिवसांत ते होत नव्हते. अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेट साचत जाते. भरीस भर म्हणून मार्चमध्ये घरातल्या लग्नामुळे पाच आठवडे जाणे झाले नाही, डिस्टिल्ड वॉटर घालायचे राहिले आणि एका बॅटरीच्या दोन कप्प्यांतल्या पट्ट्या उघड्या पडल्या. चूक माझीच होती. तरीही जेथे बॅटरीच्या पाण्याकडे नियमित लक्ष देणारे कोणी नाही तेथे ही बॅटरी नको, असे माझे मत त्यातून झाले. इंदुरातल्या घरात, जेथे आई दर पंधरा दिवसांनी स्वतः पाणी पाहतात, तीच बॅटरी सहा वर्षे टिकली होती.

एप्रिलमध्ये लिथियम आयर्न फॉस्फेटची २५.६ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाची बॅटरी घेतली. कागदावर तिची साठवण ट्यूब्युलरपेक्षा कमी, म्हणजे अडीच युनिट विरुद्ध ३.६ युनिट, पण ट्यूब्युलर अर्धीच वापरायची असते आणि ही ऐंशी-नव्वद टक्के वापरता येते, त्यामुळे प्रत्यक्षात हाती येणारी वीज वाढली. पाणी नाही, वायू नाही, वजन एका माणसाला उचलता येईल इतके. मात्र तिच्या स्वभावाशी जुळवून घ्यावे लागते. तिचा व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतो, त्यामुळे इन्व्हर्टरवरचे बॅटरीचे चार दिवे काहीच खरे सांगत नाहीत. इन्व्हर्टरचे कट-ऑफ, म्हणजे ज्या व्होल्टेजला तो स्वतः थांबतो ते, कारखान्यातून शिसे-आम्लासाठी एकवीस व्होल्टवर लावलेले होते आणि बसवणाऱ्या माणसाने ते बदलले नाही. जुलैत सलग तीन दिवस सूर्य दिसला नाही तेव्हा राखणदाराचा फोन आला, “साहब, डिब्बा रात को टीं-टीं करके चुप हो गया.” बॅटरीच्या आतल्या रक्षक सर्किटने स्वतःच संबंध तोडला होता. दुसऱ्या दिवशी ऊन पडूनही काही सुरू होईना, कारण कंट्रोलर स्वतः बॅटरीच्या विजेवर जागा राहतो आणि बॅटरी तर बंद होती. विकणाऱ्याने फोनवर बॅटरी खराब झाल्याचे सांगून बदलीची भाषा सुरू केली. प्रत्यक्षात बाहेरून योग्य व्होल्टेजचा चार्जर दहा मिनिटे लावताच ती जागी झाली. आता इन्व्हर्टर पंचवीस व्होल्टवर थांबतो आणि तसा प्रसंग पुन्हा आलेला नाही.

त्याच सुमारास बॅटरीच्या ऋण तारेवर शंट (प्रवाह मोजणारी धातूची पट्टी) असलेला मॉनिटर बसवला. या संपूर्ण व्यवहारातली ही सर्वांत उपयोगी खरेदी आहे आणि कोणत्याही विक्रेत्याने ती सुचवली नव्हती. मॉनिटर लावला त्या रात्री दिवे, पंखे, फ्रिज सर्व बंद केले, तरी आकडा १.८ अँपिअरवर अडून राहिला. मी घरभर फिरून एकेक पिन काढली, राउटर काढला, आकडा हलेना. शेवटी इन्व्हर्टर बंद केल्यावर तो शून्यावर आला. विहिरीच्या अर्ध्या अश्वशक्तीच्या मोटरला सुरू होताना जो झटका लागतो त्यासाठी तीन केव्हीएचा इन्व्हर्टर घेतला होता, आणि तो काहीही न करता नुसता जागा राहण्यासाठी ४५ वॉट खात होता. दिवसाचे एक युनिट. आमचा सर्व मिळून खरा वापर दोन युनिटांचा: दोन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे प्रत्येकी तीस वॉटचे, पाच एलईडी दिवे, एक लहान फ्रिज, राउटर आणि अर्धा तास मोटर. म्हणजे इन्व्हर्टरचा हा निरुद्योगी खर्च फ्रिजपेक्षाही अधिक होता! मोठ्या इन्व्हर्टरच्या जाहिरातीत हा आकडा ठळक अक्षरांत कधीच दिसत नाही. तपशीलपत्रात “नो-लोड” या नावाखाली तो शोधावा लागतो.

त्यावर महाराणी रोडवरून सातशे वॉटचा छोटा शुद्ध साइन वेव्ह इन्व्हर्टर आणला, ज्याचा रिकामा खर्च दहा वॉट आहे. पंखे, दिवे, राउटर आणि फ्रिज त्यावर चालतात. फ्रिज इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा असल्यामुळे हळूच सुरू होतो आणि तो भार त्याला पेलतो. मोठा इन्व्हर्टर फक्त मोटर लावायची तेव्हा, सकाळी दहानंतर अर्धा तास चालू होतो. एवढ्या बदलाने रोजचे पाऊण युनिट वाचले. तेवढी साठवण वाढवायला बॅटरीवर जो खर्च आला असता, त्याच्या निम्म्याहून कमी किमतीत हे काम झाले. इस्त्री, गीझर आणि इंडक्शन यांना मात्र या घरात जागा नाही. उष्णता विजेतून काढणे या यंत्रणेला परवडत नाही. अंघोळीला आजीच्या काळचा तांब्याचा बंब आहे आणि तो वाळक्या सागाच्या काटक्यांवर उत्तम चालतो.

तरीही ऑगस्ट अडचणीचाच गेला. उन्हाळ्यात दोन पॅनेल दिवसाला चार युनिटांच्या आसपास देत होती, म्हणजे एप्रिल-मेमध्ये पॅनेल इतकी तापतात की बारा-पंधरा टक्के वीज कमी होते, ती वजा जाऊनही पुरत होते. ऑगस्टच्या पूर्ण झाकोळलेल्या दिवशी मात्र सातशे-आठशे वॉट-तासांवर, म्हणजे पाऊण युनिटावर, काटा थांबत असे. अशा वेळी दुसरी बॅटरी घ्यावी असे सर्वांनाच वाटते, मलाही वाटले होते. पण जेथे पहिलीच भरत नाही तेथे दुसरी काय भरणार? २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर पॅनेलवरील जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला, त्यानंतर आणखी दोन पॅनेल घेतली आणि आधीच्या जोडीला समांतर जोडली. कंट्रोलरला एवढी वीज भर दुपारी बॅटरीत ढकलता येत नाही, आणि मीही चार्जिंगची मर्यादा बॅटरीच्या सोयीसाठी पन्नास अँपिअरवर बांधली आहे. म्हणजे स्वच्छ उन्हात बरीच वीज नुसती सोडून दिली जाते, आणि त्याचे मला दुःख नाही. बॅटरी अकरापर्यंत भरलेली असते. फायदा ढगाळ दिवशी आहे, जेव्हा मिळेल त्या मंद प्रकाशातून दुप्पट गोळा होते. अवकाळीच्या दोन ढगाळ आठवड्यांत जनरेटर लागला नाही. पुढचा श्रावण हीच खरी परीक्षा असेल. मात्र पॅनेल वाढवताना कंट्रोलरची व्होल्टेजची मर्यादा कधीही ओलांडू नये. जादा प्रवाह तो रोखतो, जादा व्होल्टेजने जळतो.

देखभालीत वानरांचा उल्लेख करायलाच हवा. ते पॅनेलवर बसून ऊन खातात. काच अजून शाबूत आहे, पण घाण रोजची. मार्च-एप्रिलमध्ये गहू काढणीचा भुसा आणि नंतर खालच्या गावांत नरवाई (कापणीनंतर उरलेले खुंट) जाळतात त्याची काजळी बसते. विहिरीचे पाणी जड असल्यामुळे ते वाळल्यावर पांढरे डाग राहतात, म्हणून पावसाचे साठवलेले पाणी आणि मऊ फडके घेऊन, ऊन चढण्यापूर्वीच पुसावे लागते. जमीन मुरमाड असल्यामुळे उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, तेव्हा मे महिन्यात त्यात दर आठवड्याला दोन बादल्या पाणी ओततो, कारण जूनच्या पहिल्या वळवाबरोबर घाटात विजा पडतात. विजेच्या अचानक झटक्यापासून वाचवणारा सर्ज प्रोटेक्टर आहेच, पण तो अर्थिंगच्या भरवशावर.

राहिला जनरेटर. तो पडवीतच आहे. चौदा महिन्यांत एकूण एकोणतीस तास चालला, त्यांपैकी बावीस त्या जुलै-ऑगस्टमध्ये. टाकीत पेट्रोल पडून राहिले की कार्ब्युरेटर चिकटतो, म्हणून राखणदार दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो दहा मिनिटे चालवून, नळ बंद करून, आतले पेट्रोल संपेपर्यंत थांबतो आणि मग मला फोन करून सांगतो.