मार्शमॅलो स्प्रेड: आठ महिन्यांच्या वापरानंतर, नागपूरच्या स्वयंपाकघरातून

डबा आणला की बहुतेक घरांत हे स्प्रेड आधी ब्रेडला फासलं जातं, फार गोड लागतं, आणि मग डबा मागच्या कप्प्यात जाऊन पडतो. त्यात डब्याचा दोष नाही. हे जॅम नव्हे. साखरेचा पाक घालून आधीच फेटून ठेवलेला हा अंड्याच्या पांढऱ्याचा फेस आहे. तसा तो वापरला की २१३ ग्रॅमचा डबा भराभर संपतो.

या प्रकारातलं एक जुनं नाव म्हणजे फ्लफ. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या समरव्हिल इथे १९१७ च्या सुमारास ते सुरू झालं. त्यात कॉर्न सिरप, साखर, वाळवलेला अंड्याचा पांढरा भाग आणि व्हॅनिलाचा स्वाद, एवढंच असतं. जिलेटिन नसतं, म्हणून अख्ख्या मार्शमॅलोसारखा (साखर-जिलेटिनची मऊ, स्पंजी मिठाई) याला आकार धरवत नाही. अंडं असल्यामुळे शाकाहारी घरात आणि उपासाला हे चालणार नाही. रताळ्यावर पसरून भाजलं तर सुरेख लागतं, पण ते एकादशीला नाही, एवढं लक्षात असू द्या.

मोजायचं कसं, ते आधी. हे चमच्याने मोजायला गेलं की निम्मं चमच्यालाच चिकटतं. डबाच वजनकाट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा आणि काढून घेत जा. उणे आकडा दिसेल तेवढं निघालं. चमच्याला आधी तेलाचं बोट फिरवा. कपाने लिहिलेल्या कृतीत १ कप म्हणजे साधारण ९० ते १०० ग्रॅम धरा.

सगळ्यांत उपयोगी पडला तो फज, म्हणजे चॉकलेटची मऊ वडी. २५० ग्रॅम साखर, ३० ग्रॅम लोणी, ७५ मिली आटवलेलं दूध, १०५ ग्रॅम स्प्रेड आणि चिमूटभर मीठ जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर एकजीव करा. मग मध्यम आचेवर, सतत ढवळत, उकळी आल्यापासून ५ मिनिटं. थर्मामीटर असेल तर ११२ ते ११४ अंश. नसेल तर थंड पाण्यात थेंब टाकून बघा, गोळीबंद पाक हवा. गॅस बंद करून १७० ग्रॅम बारीक चिरलेलं डार्क चॉकलेट घाला आणि तूप लावलेल्या ७ इंची ट्रेमध्ये ओता. आटवलेलं दूध म्हणजे कंडेन्स्ड मिल्क नव्हे. दीडशे मिली सायीचं दूध उकळून निम्मं करा. कंडेन्स्ड मिल्कमध्ये आधीच साखर असते, त्याने फज चिवट आणि असह्य गोड होतो.

स्प्रेडचं काम इथे काय? सिरपमधलं ग्लुकोज साखरेचे खडे जमू देत नाही, म्हणून फज जिभेवर रवाळ लागत नाही. पण याच गुणामुळे ते बर्फीत घालू नये. फज चॉकलेटमुळे थिजतो, बर्फी साखरेचे कण जमल्यामुळे. संत्रा बर्फीत दोन चमचे स्प्रेड गेलं की वडी पडतच नाही, गोळा चिकट राहतो. आपली संत्रा बर्फी आहे तशीच उत्तम आहे, तिला याची गरज नाही.

संत्र्याशी मात्र याचं छान जमतं, फक्त थंड पदार्थात. २०० ग्रॅम चक्क्यात १०० ग्रॅम स्प्रेड आणि एका संत्र्याच्या सालीचा कीस मिसळा, वेगळी साखर घालू नका. चक्का रात्रभर टांगलेला हवा. पाणी राहिलं तर सकाळी तळाशी पिवळसर पाणी सुटतं, कारण साखर ते ओढून घेते आणि फेस बसतो. कीस काढताना एक काळजी: नागपुरी संत्र्याची साल सैल असते, सोललेली साल किसणीवर नुसती दुमडते. फळ अख्खं धरा, अंगठ्याने साल ताणा आणि वरचा नारिंगी थर तेवढाच किसा. पांढरा भाग आला की कडवटपणा आला. संत्र्याच्या दोन हंगामांपैकी आंबिया बहाराचं फळ असो की मृगाचं, रीत हीच.

गोठवायचं असेल तर २०० मिली संत्र्याचा रस आटवून ६० मिली करा. बिया आणि चोथा आधी गाळा, नाहीतर तापल्यावर रस कडू होतो. रस पूर्ण गार झाला की १२० ग्रॅम स्प्रेडमध्ये मिसळा, मग फेटलेल्या २०० मिली क्रीममध्ये हलक्या हाताने कालवा. क्रीम ३५ टक्के स्निग्धांशाचं घ्या. टेट्रापॅकमधलं २५ टक्क्यांचं फेटलं जात नाही. केकवाल्यांचं गोड व्हिप्ड क्रीम घेतलं तर गोडीला सीमाच राहत नाही. सहा तासांनी हे चमच्याने सहज निघतं, दगड होत नाही, कारण साखर जास्त असल्याने पूर्ण गोठत नाही. मे महिन्यात वाट्याही आधी फ्रीजरमध्ये ठेवा.

केकच्या क्रीमसाठी १०० ग्रॅम बिनमिठाचं लोणी ४ मिनिटं फेटा, त्यात ५० ग्रॅम आयसिंग शुगर, शेवटी १०० ग्रॅम स्प्रेड दोन वेळा घालून जेमतेम एक मिनिट फेटा. जास्त फेटलं की फेस बसतो. घरचं लोणी असेल तर थंड पाण्यात धुऊन सगळं ताक दाबून काढा, नाहीतर मिश्रण फाटतं. उन्हाळ्यात इथे दुपारी लोणी काही मिनिटांत तुपासारखं होतं. सकाळी लवकर करा किंवा भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवा. क्रीम ओघळायला लागलं तर १० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा फेटा, बहुतेक वेळा सावरतं.

मुरमुऱ्याच्या वड्या मात्र मनासारख्या झाल्या नाहीत. स्प्रेडमध्ये अख्ख्या मार्शमॅलोपेक्षा पाणी जास्त, त्यामुळे मुरमुरे तासाभरात मऊ पडतात. ४० ग्रॅम लोण्यात १५० ग्रॅम स्प्रेड २-३ मिनिटं परतून पाणी उडवलं आणि १२० ग्रॅम मुरमुरे आधी कढईत कुरकुरीत भाजले, तर त्याच दिवशी खाण्यापुरत्या बऱ्या होतात. ब्राउनीवर पसरून ओटीजीच्या (घरगुती विजेच्या ओव्हनच्या) वरच्या कॉइलखाली भाजायचं तर २३० अंशांवर १ ते २ मिनिटं, आणि समोरून हलायचं नाही. सोनेरी आणि काळं यांत काही सेकंदांचं अंतर आहे. कडेपासून बोटभर जागा सोडा, तापल्यावर ते वाहतं.

साठवणीत जास्त त्रास पावसाळ्याने आणि कुलरने दिला. कुलरची ओलसर हवा लागली की उघडा डबा वरून पाणचट होतो. कोरड्या हवेत उघडा राहिला तर पापुद्रा धरतो. झाकण लगेच लावा, ओला चमचा घालू नका. मेमध्ये ओट्यावर ठेवलेला डबा सैल होऊन फुगतो, तेव्हा फ्रिजमध्ये ठेवा आणि वापरण्याआधी अर्धा तास बाहेर काढा.