केबल लॉक की यू-लॉक, कटरसमोर कोण टिकतं?

केबल लॉक दिसायला जाडजूड असतं पण वरचं प्लास्टिक सोललं ना की आत नुसत्या बारीक तारांचा पीळ, साधा केबल कटर लावला तर काही सेकंदात खेळ खल्लास, आणि आवाजही नाही. म्हणून स्टेशनबाहेर दिवसभर सायकल लावून जाणाऱ्यांनी एवढ्यावर भरवसा ठेवूच नका प्लीज.

यू-लॉकचं, म्हणजे U आकाराच्या दांड्याच्या कुलपाचं, वेगळं आहे. त्याचा दांडा हार्डन केलेल्या स्टीलचा, १३ मिमीच्या आसपास असला तर हातातल्या छोट्या बोल्ट कटरला दाद देत नाही, १६ मिमी असेल तर मोठ्या कटरलाही जड जातं. हॅकसॉचं पातं तर वरच्यावर घसरतं. पण अँगल ग्राइंडर (फिरत्या चकतीनं धातू कापणारं यंत्र) आला की १३ मिमीवालं मिनिटाभरात कापलं जातं, मात्र ठिणग्या उडतात, आवाज होतो, आणि दांड्याची दोन्ही टोकं लॉक होणारं मॉडेल असेल तर दांडा दोनदा कापावा लागतो, म्हणजे चोराचा वेळ दुप्पट. ग्राइंडरलाही झुंजवणारं हिपलॉक डी१००० सारखं मॉडेल मिळतं पण महाग.

वजन मात्र यू-लॉकचं जास्त, किलोच्या वरही जातं. तरी मी तेच घेईन, केबल फक्त पुढच्या चाकाला.