पुनोतलं स्वस्त गेस्टहाऊस: खोली बरी, थंडीची तयारी आपली

पेरूतलं पुनो टिटिकाका सरोवराकाठी, सुमारे 3,800 मीटरवर आहे. प्लाझा दे आर्मास या मुख्य चौकाजवळचं हे गेस्टहाऊस जागेच्या मानाने उत्तम, पण खोली तळमजल्यावरचीच मागा. इथल्या विरळ हवेत सामानासकट तीन जिने चढणं म्हणजे पहिल्याच दिवशी डोकेदुखीला आमंत्रण.

खोलीत हीटर नाही. जून ते ऑगस्टमध्ये रात्री पारा शून्याखाली जातो, त्यामुळे जादा ब्लँकेट संध्याकाळीच मागून घ्यावं.

गरम पाण्याची खरी गोम शॉवरच्या तोंडाशी बसवलेल्या विजेच्या हीटरमध्ये आहे. नळ पूर्ण सोडला की पाणी कोमट येतं, कारण कॉइलला ते तापवायला वेळच मिळत नाही. धार बारीक करा, पण फार नको. दाब कमी पडला तर हीटर बंदच होतो. चालू असताना शॉवरच्या धातूच्या भागांना हात लावू नका.

न्याहारी साधी, पाव-जॅम-अंडं. कोकाच्या पानांचा चहा मात्र हवा तितका. पासपोर्ट आणि प्रवेशाची नोंद दाखवल्यास परदेशी पर्यटकांना नोंदणीकृत हॉटेलात 18 टक्के कर माफ असतो. बिल बनण्याआधीच विचारा.