'नेकेड लंच' की 'फिअर अँड लोदिंग': आधी कोणता बघावा?

एकच संध्याकाळ हाताशी असेल तर 'नेकेड लंच' लावा, असं मी सांगेन. पण ज्यांना किडे, चिकट द्राव असलं काही बघवत नाही त्यांनी त्या वाटेला जाऊ नये, म्हणून जरा सविस्तर.

'नेकेड लंच' आणि 'फिअर अँड लोदिंग इन लास व्हेगास' हे दोन्ही सिनेमे त्याच नावांच्या पुस्तकांवरून केलेले. दोन्ही पुस्तकांवर सिनेमा होणं अशक्य, असं वर्षानुवर्षं म्हटलं जायचं. दोन्ही नशेत बुडालेली, दोन्हींत धड कथानक नाही. दोन्ही सिनेमे तिकीटबारीवर आपटले आणि त्यांचे भक्त नंतर हळूहळू जमत गेले. साम्य इथेच संपतं.

विल्यम बरोजची 'नेकेड लंच' ही कादंबरी १९५९ मध्ये पॅरिसला छापली गेली. अमेरिकेत तिच्यावर अश्लीलतेचा खटला चालला आणि १९६६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने ती अश्लील नसल्याचा निकाल दिला. डेव्हिड क्रोननबर्गने १९९१ च्या सिनेमात हे पुस्तक जसंच्या तसं पडद्यावर आणायचा नाद सोडला आणि ते लिहिणाऱ्या माणसावरच सिनेमा केला. १९५१ मध्ये मेक्सिको सिटीत बरोजने दारूच्या नशेत बायको जोनच्या डोक्यावर ठेवलेल्या ग्लासवर नेम धरला होता. गोळी तिला लागली आणि ती गेली. हा प्रसंग कादंबरीत नाही, पण सिनेमा त्यावरच उभा आहे. जोन मेली नसती तर मी लेखक झालोच नसतो, असं बरोजने पुढे स्वतः लिहून ठेवलंय. क्रोननबर्गने ते वाक्य फार गांभीर्याने घेतलंय.

सिनेमातला बिल ली, म्हणजे बरोजचंच रूप, घरोघरी जाऊन झुरळं मारायची पावडर फवारतो आणि त्याची बायको तीच पावडर टोचून घेते. पुढे त्याच्या टाइपरायटरचाच एक मोठा किडा होतो. तो पंखांखालच्या तोंडाने हुकूम सोडतो. बिल ली झालेला पीटर वेलर हे सगळं चेहऱ्यावरची रेषही न हलवता ऐकून घेतो, म्हणून ते खरं वाटतं. चित्रीकरण मोरोक्कोतल्या टँजिअरला व्हायचं होतं, पण आखाती युद्धामुळे टोरांटोत सेट लावावे लागले. माझ्या मते ते पथ्यावरच पडलं. सेटवरचं ते शहर एखाद्या बंद खोलीसारखं अंगावर येतं, आणि त्यात जॅझवाल्या ऑर्नेट कोलमनचा सॅक्सोफोन.

टेरी गिलियमचा 'फिअर अँड लोदिंग' १९९८ चा. पत्रकार हंटर थॉम्पसनचा हा मजकूर १९७१ मध्ये 'रोलिंग स्टोन' या अमेरिकन नियतकालिकात आला होता: एक पत्रकार आणि त्याचा वकील मोटरसायकलच्या शर्यतीची बातमी करायला लास व्हेगासला जातात. गिलियम पुस्तकाशी कमालीचा इमानदार राहिलाय. पत्रकाराची भूमिका करणारा जॉनी डेप थॉम्पसनकडे जाऊन राहिला, त्याचे कपडे घातले, डोक्यावरचे केसही थॉम्पसननेच भादरले. निवेदनात पुस्तकातली वाक्यंच्या वाक्यं आहेत. हॉटेलात गालिच्याची नक्षी माणसाच्या पायावर चढते, बारमध्ये सरडे बसलेले दिसतात. बघताना मजा येते, पण तासाभराने त्या आरडाओरड्याचा शीण येतो. नशा बाहेरून बघत राहावी लागते. आत शिरायला वाट मिळत नाही.

तरी शेवटाकडचा खानावळीतला प्रसंग मी कुणालाही चुकवू देणार नाही. वकील सुरी काढतो, वेट्रेस जागच्या जागी थिजते आणि आतापर्यंतचं हसू घशात अडकतं. वकील झालेला बेनिसिओ देल तोरो तिथे खरोखर भयंकर वाटतो.

म्हणून ज्याला लिहिणं म्हणजे काय याबद्दल कुतूहल आहे त्याने 'नेकेड लंच' घ्यावा. साठच्या दशकातल्या मराठी लघुनियतकालिकांच्या, म्हणजे छोट्या बंडखोर साहित्यिक मासिकांच्या, पिढीबद्दल वाचलेल्यांना तर तो जास्तच जवळचा वाटेल. त्यातलं मार्टिन हे पात्र ॲलन गिन्सबर्गवर बेतलेलं आहे. बरोजच्या विस्कटलेल्या पानांची जुळवाजुळव करायला हातभार लावणारा हा कवी १९६२ मध्ये भारतात आला, मुंबईतही राहून गेला. साठच्या दशकातल्या अमेरिकेचं स्वप्न कसं ओसरलं हे ज्याला बघायचंय, त्याने गिलियमचा निवडावा, आणि सबटायटल्स लावूनच बघावा. डेप दातांत सिगारेट धरून बोलतो, निम्मे शब्द निसटतात.

पुस्तकांचं म्हणाल तर थॉम्पसन आधी वाचा, सिनेमा मागून बघा. त्याच्या गद्याचा वेग पानावरच खरा कळतो. बरोजच्या बाबतीत उलट करा. पुस्तक थेट हातात घेतलं तर वीसेक पानांत वाट चुकते. तो टाइपरायटरसमोर बसलेला माणूस एकदा पाहिलेला असला की तीच पानं वाचवतात.