सुट्टीची पुस्तकं: ग्रंथालयातून, दुकानातून की ई-रीडरवर?

सुट्टीत काय वाचावं हे सांगणाऱ्यांची वानवा नाही. ती पुस्तकं आणायची कुठून, हा विचार मात्र निघायच्या आदल्या रात्री होतो, आणि मग हाताला लागेल ते बॅगेत जातं. ठाण्यात राहणाऱ्याला तीन वाटा आहेत: ग्रंथालय, दुकान आणि ई-रीडर. मी तिन्ही वाटांनी जातो, आणि यातली एकच बरोबर असं माझं म्हणणं नाही. तरी माझा कल कुठे आहे ते लपणार नाही म्हणा.

आधी ई-रीडर, कारण त्याच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. सुट्टी विमानाची असेल, केबिन बॅगेला सात किलोची मर्यादा असेल आणि पोरांचे स्वेटरही तुमच्याच बॅगेत कोंबले जाणार असतील, तर पुढचं वाचू नका, ई-रीडर घ्या आणि निघा. गावी रात्री लाइट गेल्यावर मच्छरदाणीत पडून वाचता येतं, शेजारच्याची झोपमोड होत नाही. चाळिशी लागलेल्यांना अक्षर मोठं करता येतं. शिवाय जुनं साहित्य फुकट. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. तलावपाळीवरच्या रंगायतनाला ज्यांचं नाव आहे ते गडकरी 1919 साली गेले, हरिभाऊ आपटेही त्याच वर्षी. त्या पिढीचं लेखन केव्हाच मुक्त झालंय आणि शोधलं तर त्यातलं बरंच ई-बुकच्या रूपात एक पैसाही न देता मिळतं. ठरलेलंच पुस्तक वाचायचं असेल, म्हणजे नाव माहीत, लेखक माहीत, कोणीतरी भरवशाच्या माणसाने सांगितलेलं, तर ई-रीडरसारखं सोयीचं काही नाही.

माझी अडचण ठरलेलं नसतं तेव्हाची आहे. सुट्टीची पुस्तकं बहुतेक अशीच निवडायची असतात ना, जरा इकडेतिकडे बघत. ई-बुक घेण्याआधी नमुन्याची पानं मिळतात, पण ती पुस्तकाच्या सुरुवातीची. आणि मराठी पुस्तकाची सुरुवात काय असते ते तुम्हाला माहीत आहे. मुखपृष्ठ. मग प्रकाशक, मुद्रक, अक्षरजुळणी आणि हक्क कोणाकडे याचं पान. अर्पणपत्रिका. ‘दुसऱ्या आवृत्तीच्या निमित्ताने’. पहिल्या आवृत्तीची प्रस्तावना, तीही कोणा मान्यवरांची, म्हणजे लांब. मग लेखकाचं मनोगत, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका. एवढं ओलांडून पहिल्या कथेत पाऊल टाकतो न टाकतो तोच नमुना संपतो आणि ‘विकत घ्या’चं बटण येतं. लेखकाला लिहितं कोणी केलं, मुद्रितं कोणी तपासली, घरच्यांनी किती सोसलं, हे सगळं कळतं. लेखक लिहितो कसा, तेवढंच राहतं. परवा एका जाड कादंबरीच्या नमुन्यात प्रस्तावनाही पुरती झाली नाही. प्रस्तावनाकार ‘कादंबरीच्या शेवटाबद्दल मात्र’ असं म्हणाले आणि नमुना संपला.

कोणी म्हणेल, एवढं काय त्यात? शंभर-दीडशे रुपयांचा प्रश्न. पैशांचं मला विशेष वाटत नाही. मला पुस्तक मधून उघडून बघायची सवय आहे. पहिली दहा पानं कुठलाही लेखक जीव ओतून लिहितो. मी साठ-सत्तराव्या पानावर जातो, जिथे संवाद असतील तिथे थांबतो. सासू, सून आणि पोलीस पाटील तिघंही एकाच सुरात बोलत असतील तर पुस्तक परत कपाटात. अनुवादित रहस्यकथांच्या बाबतीत तर हे केल्याशिवाय मी पुढे जातच नाही, कारण तिथे मराठी किती अवघडलेली आहे ते अर्ध्या पानात समजतं. जांभळी नाक्यावर आंब्याची पेटी घेताना आपण वरचा थर बघून समाधान मानत नाही, खालचा एखादा उचलून बघतोच. नमुन्याची पानं म्हणजे नुसता वरचा थर. प्रकाशकांनी मनावर घेतलं तर प्रस्तावना मागे टाकून हे सहज सुधारेल. तोपर्यंत माझ्यापुरता ई-रीडर निवडीच्या कामातून बाद आहे, वाचण्याच्या नव्हे.

मग दुकान. नौपाड्यात, गोखले रोडच्या आसपास पुस्तक हातात घेऊन बघता येतं, दुकानदार विचारलं तर सुचवतातही. पण हल्ली बरीच नवी पुस्तकं प्लास्टिकमध्ये गुंडाळून येतात. विनंती केली तर काढून देतात, नाही असं नाही. मात्र एकदा ते प्लास्टिक फाडलं की न घेता बाहेर पडायला माझे पाय तयार होत नाहीत. हॉलमधल्या सवलतीच्या प्रदर्शनात हा संकोच नसतो. तिथे गठ्ठेच्या गठ्ठे उघडे असतात, कोणी बघत नाही, आणि सुट्टीपुरती दोन पुस्तकं घ्यायला गेलेला माणूस दोन पिशव्या घेऊन घरी येतो. नंतर ती ठेवायची कुठे, हा वन बीएचकेमधला स्वतंत्र विषय आहे. भेट द्यायची असेल किंवा पुन्हा पुन्हा वाचायचं पुस्तक असेल तर विकतच घ्यावं. निव्वळ सुट्टीसाठी कदाचित नको.

राहिलं ग्रंथालय. ठाणेकराला याबाबतीत थोडा माज चालून जातो: आपलं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 सालचं, मुंबईच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाहून पाच वर्षांनी मोठं. पण कुठल्याही ग्रंथालयाचे सभासद व्हायच्या आधी एकच गोष्ट विचारा: कपाटापर्यंत जाऊ देतात का? मुक्तद्वार पद्धत असेल तर प्रश्न मिटला. चिठ्ठीवर नाव आणि क्रमांक लिहून खिडकीतून पुस्तक मागवायचं असेल, तर तिथेही तुम्ही न बघताच निवडताय आणि मग ई-रीडर काय वाईट?

कपाटापाशी उभं राहून अर्ध्या तासात जेवढी पुस्तकं मधून उघडून होतात, तेवढी दुसरीकडे कुठेच होत नाहीत. मागच्या पानावरच्या तारखांच्या शिक्क्यांचाही उपयोग होतो. सगळे शिक्के पहिल्या दोन वर्षांतले आणि मग शुकशुकाट, तर पुस्तक गाजून विरलं असं समजावं. वर्षानुवर्षं अधूनमधून पडत राहिलेले शिक्के मला जास्त भरवशाचे वाटतात. यात शास्त्र काही नाही, पण माझा अनुभव तरी बरा आहे.

तक्रारी ग्रंथालयाच्या पुस्तकांबद्दलही आहेत. कापडी पुठ्ठ्यात पुन्हा बांधलेलं पुस्तक असतं ना, त्याची शिवण आतला समास खाऊन टाकते. ओळीचं शेवटचं अक्षर वाचायला दोन्ही हातांनी पुस्तक फाकवावं लागतं, म्हणजे एका हाताने आंबा आणि दुसऱ्या हातात पुस्तक हे सुख गेलं. कधी बांधणीत एखादा फर्मा हरवलेला असतो, म्हणजे सोळा पानं सरळ गायब. घेतानाच पानांचे क्रमांक पटपट चाळून घ्या, शेवटचं पान तर बघाच. परतीची तारीख नेमकी सुट्टीच्या मधोमध येते, पण फोनवरून मुदत वाढवून देतात का ते आधीच विचारलं की भागतं. पुस्तक हरवलं तर अनामत रकमेवर पाणी. समुद्रकिनाऱ्यावर मी ग्रंथालयाचं पुस्तक नेत नाही, ओसरीवर वाचतो.

आणि ओसरीवरून एक मुद्दा ग्रंथालयाच्या, खरं तर कागदाच्याच, पारड्यात पडतो. गावी चार पुस्तकं कट्ट्यावर ठेवली की एक मेहुणा उचलतो, एक आत्या, दुपारी कोणाचं कुठलं पान दुमडलंय यावरून वाद होतात. ई-रीडर एकाच्या हातात गेला की बाकीचे मोबाइल काढतात.

ऑडिओबुक: कोकण रेल्वेने जाणार असाल तर आधी डाऊनलोड करून ठेवा. करबुड्याचा बोगदाच साडेसहा किलोमीटरचा आहे, बाकीचे वेगळे. निवेदकाचा आवाज आवडला नाही तर मात्र इलाज नाही.

तुमचं वेळापत्रक धावपळीचं असेल, किंवा तुम्ही एका वेळी एकच जाड कादंबरी पुरवून वाचणारे असाल, तर माझं सगळं म्हणणं बाजूला ठेवून ई-रीडरच घ्या. नाहीतर निघायच्या चार-पाच दिवस आधी ग्रंथालयात जा. शनिवारी संध्याकाळी नको, मे महिन्यात मुलांची आणि आजोबांची एकच गर्दी असते. मधल्या वारी सकाळी बरं. आणि एका कार्डावर दोनच पुस्तकं मिळत असतील तर दुसरं पुस्तक म्हणून दिवाळी अंक घ्या. नोव्हेंबर-डिसेंबरात ज्यांच्यासाठी नंबर लावावा लागतो, ते अंक मे महिन्यात आरामात मिळतात. त्यात न आवडलेली कथा सोडून पुढे जाता येतं आणि घरातल्या प्रत्येकाला काहीतरी सापडतं. फक्त मुखपृष्ठ शाबूत आहे ना ते बघून घ्या, नाहीतर फाडल्याचा आळ तुमच्यावर.